बोलका रुपया: ई-रुपयाच्या पायलटमधलं खासगीपणाचं प्रकरण

२०१६च्या नोव्हेंबरात नोटाबंदी जाहीर झाली, त्याच्या चौथ्या दिवशी माझ्या आत्यानं तांदळाचा डबा परातीत उपडा केला. तांदळाच्या तळाशी, धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशवीत, पाचशेच्या पंचाहत्तर नोटा होत्या. भिशीतले उरलेले, दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरींचे, दर महिन्याच्या वाणसामानातून बाजूला काढलेले. साडेसदतीस हजार रुपये, नऊ वर्षांत जमवलेले. बदलून घ्यायचे तर ते घरात सांगावं लागणार होतं, आणि तिनं सांगितलं. आतोबा वाईट माणूस नव्हेत. त्यांनी नोटा नीट मोजल्या, बँकेत रांगेत उभे राहिले आणि जोडखात्यात भरून आले. नंतर एकदा आत्या मला म्हणाली, "पैसे बुडाले नाहीत रे. फक्त आता ते माझे राहिले नाहीत."

तोवर रोखीतला गुप्तपणा म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर बिल्डरची बॅग यायची. त्या दिवसापासून डबा येतो. म्हणून रिझर्व्ह बँकेनं डिजिटल रुपया, म्हणजेच ई-रुपया, काढला तेव्हा मी पहिल्यांदा हेच शोधायला लागलो की या नव्या नोटेत तांदळाचा डबा कुठे आहे. हे प्रकरण त्या शोधाचं आहे.

आधी कायदा बदलला

१ फेब्रुवारी २०२२ला अर्थसंकल्पाच्या भाषणात निर्मला सीतारामन यांनी डिजिटल रुपयाची घोषणा केली. त्यासाठी वेगळा कायदा झाला नाही. त्या वर्षीच्या वित्त विधेयकातच रिझर्व्ह बँक कायदा, १९३४मध्ये दोन दुरुस्त्या घातल्या गेल्या. 'बँक नोट' या शब्दाच्या व्याख्येत डिजिटल स्वरूपातली नोटही आली, आणि २२-अ हे नवं कलम आलं. डिजिटल नोटेला मूळ कायद्यातली कोणती कलमं लागू नाहीत, एवढंच ते सांगतं: २४, २५, २७, २८ आणि ३९.

ही यादी वाचण्यासारखी आहे. नोट किती रुपयांची असावी, ती दिसावी कशी आणि कशाची बनलेली असावी, फाटकी-मळकी नोट पुन्हा चलनात आणू नये, हरवलेल्या-चोरीला गेलेल्या नोटेचं काय करायचं, नोटेच्या बदल्यात नाणी द्यायची जबाबदारी कोणाची. म्हणजे कागदाच्या नोटेचे जे गुण-दोष डिजिटल नोटेला लागू पडत नाहीत, ते कोणीतरी बारकाईनं वेचून बाजूला काढले. कागदी नोटेचा आणखी एक गुण मात्र कोणाला आठवला नाही: ती मुकी असते. कोणाच्या हातातून आली आणि कशावर खर्च झाली, हे नोट सांगत नाही. १९३४च्या कायद्यात तसं लिहिलेलं नव्हतं, कारण लिहायची गरजच नव्हती. कागद मुकाच असतो. डिजिटल नोटेला मुकं ठेवायचं तर ते लिहावं लागतं, आणि २२-अ मध्ये त्याबद्दल एक ओळ नाही.

पुढचा क्रम थोडक्यात. ७ ऑक्टोबर २०२२ला रिझर्व्ह बँकेनं संकल्पनापत्र काढलं. १ नोव्हेंबरला बँकाबँकांमधल्या घाऊक व्यवहारांचा पायलट, म्हणजे चाचणीचा प्रयोग, सुरू झाला. १ डिसेंबरला किरकोळ, म्हणजे तुमच्या-माझ्यासाठीचा, मुंबई, नवी दिल्ली, बंगळुरू आणि भुवनेश्वर या चार शहरांत, चार बँकांच्या मार्फत. पुढे शहरं आणि बँका वाढत गेल्या.

एकशे ऐंशी रुपयांचा प्रवास

मी ई-रुपयाचं ॲप घेतलं. केवायसी झालेलं बँक खातं आणि त्याला जोडलेला मोबाइल नंबर, दोन्ही लागतात. खात्यातून पाचशे रुपये वॉलेटमध्ये घेतले. पडद्यावर नोटा दिसतात, अगदी शंभर-दोनशेच्या रंगांसह, आणि पहिल्यांदा पाहताना बरं वाटतं. या नोटांवर व्याज नाही, कारण त्या खात्यातली ठेव नाहीत. रिझर्व्ह बँकेनं काढलेलं ते थेट चलन आहे. बँक फक्त ते वाटते.

संध्याकाळी मंडईत मेथी, टोमॅटो, अर्धा किलो गवार. भाजीवाल्या मावशींकडे यूपीआयचाच क्यूआर होता, लाकडी फळीला खिळ्यानं ठोकलेला, वर पाण्याचे शिंतोडे. ई-रुपयाच्या ॲपनं तो स्कॅन होतो; ही सोय २०२३मध्ये आली. एकशे ऐंशी रुपये गेले. मावशींच्या फोननं नेहमीसारखी आरोळी दिली, कारण पैसे त्यांच्या बँक खात्यातच जमा झाले.

आता मागे वळून पाहू. माझ्या पासबुकात एकच ओळ आहे: पाचशे रुपये ई-रुपयात बदलले. मेथी-गवारीची नोंद तिथे नाही. ही यूपीआयपेक्षा खरोखर चांगली गोष्ट आहे आणि ती मोकळेपणानं मान्य केली पाहिजे. यूपीआयनं पैसे देणाऱ्याच्या पासबुकात चहा-बिस्किटापासून औषधापर्यंत सगळा दिवस छापून येतो. घरात कोणी ते चाळलं तर काही लपत नाही. गृहकर्जासाठी सहा महिन्यांचं स्टेटमेंट दिलेल्या माणसाला हे अधिक चांगलं कळेल.

पण वॉलेटच्या ॲपमध्ये तारीख-वेळेसह व्यवहार आहे. मावशींच्या खात्यात जमेची नोंद आहे. आणि मधल्या यंत्रणेतून तो व्यवहार गेलाच आहे, कारण त्याशिवाय तो पूर्णच झाला नसता. माझी दोनशेची कागदी नोट मावशींच्या कमरेच्या पिशवीत गेली असती तर यातलं एकही घडलं नसतं.

एका बँकेच्या ग्राहक मदतीवर मी विचारलं, फोन हरवला तर? उत्तर तयार होतं: त्याच नंबरचं सिम नव्या फोनमध्ये घाला, नोंदणी करा, पैसे परत मिळतील. ऐकून हायसं वाटतं. खिशातून पडलेली नोट कधी अशी परत येत नाही. पण पैसे परत मिळतात याचा अर्थ कुठली नोट कोणाची हे फोनच्या बाहेर कुठेतरी लिहिलेलं आहे. ज्या वहीत बघून माझे पैसे मला परत मिळतात ती वही कोण उघडू शकतं, कोणाच्या सहीनं, आणि त्यातलं जुनं पान कधी फाडतात? हे मी विचारलं तेव्हा पलीकडून गोपनीयता धोरणाची लिंक आली.

शब्द दिलेला आहे

रिझर्व्ह बँकेनं याकडे दुर्लक्ष केलं असं म्हणणं अन्यायाचं होईल. संकल्पनापत्रात अनामिकतेवर सविस्तर लिहिलं आहे. छोट्या रकमांना अनामिकता आणि मोठ्या रकमांचा माग, हे तत्त्व त्यात आहे. डेप्युटी गव्हर्नर टी. रबी शंकर यांनी डिसेंबर २०२२मध्ये अनामिकता हा चलनाचा मूलभूत गुण आहे असं सांगितलं. मे २०२४मध्ये बाझेलला बोलताना तेव्हाचे गव्हर्नर शक्तिकांत दास म्हणाले की डिजिटल चलनात रोखीइतकीच अनामिकता असावी, जास्त नाही आणि कमी नाही. आणि ती कायद्यानं किंवा तंत्रानं, उदाहरणार्थ व्यवहारांच्या नोंदी कायमच्या पुसून, साधता येईल.

यातला प्रत्येक शब्द मला मान्य आहे. माझी तक्रार एवढीच की हा शब्द भाषणात आहे, कायद्यात नाही. 'छोटी रक्कम' म्हणजे किती, हे कायद्यात नाही. नोंद कधी पुसायची, हेही नाही. गव्हर्नर बदलतात. पायलटमध्ये दिलेला शब्द दहा वर्षांनंतर एखाद्या अधिकाऱ्यानं फाइलवर "माहिती मागवावी" असं लिहिलं की त्याला अडवू शकत नाही. कलम अडवू शकतं.

आपल्याकडे असं कलम मागणं ही भाबडी अपेक्षाही नाही, त्यामागे न्यायालयाचा भक्कम आधार आहे. आंध्र प्रदेशानं मुद्रांक कायद्यात दुरुस्ती करून बँकांमध्ये ठेवलेली कागदपत्रं तपासायचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यानं नेमलेल्या माणसांना दिला होता. कॅनरा बँकेच्या त्या प्रकरणात २००४मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती तरतूद रद्द केली. कागद बँकेकडे दिला म्हणून त्यातला खासगीपणा ग्राहकानं सोडून दिला असं होत नाही, असं न्यायालय म्हणालं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९७६मध्ये मिलर खटल्यात याच्या नेमकं उलटं ठरवलं होतं, आणि आपल्या न्यायालयानं ती वाट नाकारली. पुढे २४ ऑगस्ट २०१७ला पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायाधीशांनी एकमतानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यात सरकारनं हात घालायचा तर पहिली अट अशी की त्यासाठी कायदा हवा. आपल्या प्रकरणात तोच हरवलाय.

२०२३चा डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायदा ही पोकळी भरेल का? मला नाही वाटत. कलम १७ खाली केंद्र सरकार सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी एखाद्या सरकारी यंत्रणेला कायद्यातून सूट देऊ शकतं. शिवाय अनुदान किंवा लाभ देण्यासाठी सरकारी यंत्रणेला ठरावीक अटींवर संमतीविना माहिती वापरता येते. ही दुसरी वाट पुढच्या भागाशी थेट जोडलेली आहे, आणि माझ्या मते या प्रकरणाचं खरं दुखणं तिथेच आहे.

अटी घातलेली नोट

८ फेब्रुवारी २०२४च्या पतधोरणात रिझर्व्ह बँकेनं सांगितलं की ई-रुपया आता 'प्रोग्रामेबल' होईल. म्हणजे देणारा त्या पैशाला अट घालू शकेल: अमुक कामासाठीच वापरायचा. मुदत घालता येईल. कुठल्या भूभागात चालेल हेही ठरवता येईल. याच सुमारास रत्नागिरी जिल्ह्यातल्या काही शेतकऱ्यांना कार्बन क्रेडिटच्या (कार्बनचं प्रदूषण कमी केल्याबद्दल मिळणाऱ्या, विकता येणाऱ्या श्रेयाच्या) मोबदल्यात असे पैसे देण्याचा प्रयोग एका खासगी बँकेनं केला. ओडिशात सुभद्रा योजनेतल्या हजारो महिलांना मदतीची रक्कम ई-रुपयात मिळाली. ओडिशा आणि आंध्र प्रदेशात खंडानं शेती करणाऱ्यांना कर्ज द्यायचा प्रयोग झाला.

हा शेवटचा प्रयोग सावकाश पाहायला हवा. ऑगस्ट २०२४मध्ये बंगळुरूच्या परिषदेत दास यांनी त्यामागचा विचार मांडला. खंडकऱ्याच्या नावावर जमीन नसते, म्हणून बँक त्याला दारात उभं करत नाही. पण दिलेला पैसा बियाणं-खतावरच खर्च होईल अशी सोय नोटेतच असेल, तर बँकेला भरवसा वाटेल. शेतकऱ्याची ओळख मग जमिनीच्या कागदावरून नव्हे, तर तो पैसा कशावर खर्च करतो यावरून पटेल.

विदर्भ-मराठवाड्यात ज्यानं सातबाऱ्यासाठी तलाठ्याच्या दारात चपला झिजवलेल्या माणसांना पाहिलंय, त्याला यातला मोठा उपकार लगेच दिसेल. ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्याला पीककर्ज नाही. मग सावकार आहेच. त्याला बँकेचं कर्ज मिळणार असेल तर मी कोण आडवा येणारा? पण त्याच माणसाला हेही ठाऊक आहे की पीककर्जाचे पैसे सगळे कधीच पिकात जात नाहीत. जूनमध्ये शाळा सुरू होते. बाई बाळंतीण असते. बैल आजारी पडतो. ज्याच्याकडे सातबारा आहे त्याचं कर्ज खात्यात येतं आणि तो स्वतःच्या अकलेनं ते फिरवतो. ज्याच्याकडे नाही त्याच्या प्रत्येक रुपयामागे त्याची खरेदी बोलणार. त्यानं कोणत्या कृषी सेवा केंद्रातून काय घेतलं, कधी घेतलं, काय घ्यायला गेला आणि नोट चालली नाही, हे सगळं पुढच्या कर्जाच्या वेळी समोर ठेवलं जाईल की नाही? त्याला नाही म्हणणारं कलम नाही. खासगीपणा ही श्रीमंतांची हौस आहे असं पुष्कळांना वाटतं. या पायलटमध्ये मात्र तो पहिल्यांदा त्यांच्याकडून मागितला जातोय, ज्यांना नाही म्हणणं परवडत नाही.

माझ्या आत्याला आता 'लाडकी बहीण'चे दीड हजार येतात. खात्याला नंबर तिच्या मुलाचा आहे, त्यामुळे पैसे आल्याचं तिच्याआधी त्याला कळतं. ती तालुक्याला जाऊन रोख काढते. पाचशे घरात देते, हजार ठेवते. तिच्या हक्काच्या पैशातलं एवढं स्वातंत्र्य ती एटीएमपाशी मिळवते, आणि ते कागदी नोटेमुळेच मिळतं. ही रक्कम उद्या मुलाच्या फोनमधल्या वॉलेटमध्ये, 'किराणा दुकानातच चालेल' अशा अटीसह आली, तर योजनेच्या हिशेबात एक पैसाही कमी होणार नाही. आत्याचे हजार मात्र जातील.

रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम २६नं प्रत्येक नोट भारतात कुठल्याही ठिकाणी कायदेशीर चलन मानली आहे, केंद्र सरकारच्या हमीसह. २२-अ च्या वगळलेल्या यादीत २६ नाही; म्हणजे डिजिटल नोटेलाही ते लागू आहे. मग एका भूभागापुरती किंवा एका दुकानापुरती चालणारी नोट 'कुठल्याही ठिकाणी' या शब्दांत कशी बसते? मी वकील नाही, पण हा प्रश्न कोणत्याही साध्या वाचकाला पडेल असा आहे. बरं, विशिष्ट कामापुरता पैसा द्यायचाच असेल तर त्यासाठी साधन आधीपासून आहे. ऑगस्ट २०२१मध्ये आलेलं ई-रूपी व्हाउचर. नावामुळे लोक दोन्हीत गल्लत करतात. व्हाउचर हे व्हाउचर म्हणूनच येतं, त्यावर अट असते हे घेणाऱ्याला कळतं. चलनालाच अट घालायची गरज त्यात पडत नाही.

लोकांनी काय केलं

२०२३ संपेपर्यंत रोज १० लाख व्यवहार व्हावेत असं उद्दिष्ट होतं. डिसेंबरच्या शेवटी ते गाठलं गेलं, कारण काही बँकांनी आपल्या कर्मचाऱ्यांचे लाभ-भत्ते ई-रुपयात दिले. २०२४च्या मध्यावर आकडा रोज लाखभरावर उतरल्याच्या बातम्या आल्या. मार्च २०२५अखेर चलनात सुमारे १,०१६ कोटींचा ई-रुपया होता. कागदी नोटा होत्या सुमारे ३६.९ लाख कोटींच्या. शंभर रुपयांच्या नोटांमागे ई-रुपया तीन पैसेही नाही.

याचं कारण सांगताना यूपीआयकडे बोट दाखवलं जातं, आणि ते बरोबरच आहे. जे यूपीआयनं फुकटात आणि झटपट होतं त्यासाठी दुसरं ॲप कोण उघडेल? पण माझ्या मते इथे एक संधी हुकली. यूपीआय जे देऊ शकत नाही आणि रोख देऊ शकते, ते एकच होतं: मुकेपणा. ई-रुपयाला लोकांनी जवळ करायचं खरं कारण तेच ठरलं असतं. वापर वाढावा म्हणून त्याला यूपीआयच्या क्यूआरशी जोडलं, आणि त्या जोडणीत मावशींच्या खात्यापर्यंतचा माग परत आला.

होऊ शकतं

हे तंत्रानं जमत नाही असं कोणी म्हणालं तर ते खरं नाही. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड चॉम यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीलाच आंधळ्या सहीची युक्ती मांडली. पाकिटात कार्बन पेपर घालून बंद पाकिटावर सही घ्यावी, तशी: बँक नोट खरी असल्याची सही करते, पण कोणत्या नोटेवर केली ते तिला दिसत नाही. नोट दुकानदाराकडून परत आली की खरी आहे एवढं कळतं, कोणाला दिली होती ते नाही. देणारा झाकलेला, घेणारा उघड. म्हणजे दुकानदाराची विक्री करासाठी दिसते आणि ग्राहकाचं आयुष्य दिसत नाही. बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्स या केंद्रीय बँकांच्या बँकेनं २०२३मध्ये 'टूर्बियाँ' प्रकल्पात हे केंद्रीय बँकेच्या चलनासाठी करून पाहिलं आणि ते चाललं. युरोपीय आयोगानं २८ जून २०२३ला डिजिटल युरोचा मसुदा मांडला, त्यात ऑफलाइन व्यवहारांना रोखीच्या जवळ जाणारा खासगीपणा लिहिलेला आहे, आणि त्याच दिवशी कागदी युरो स्वीकारला जावा म्हणून दुसरा मसुदाही मांडला. दोन्ही कायद्याचे मसुदे म्हणून, भाषण म्हणून नव्हे.

आणि मोठ्या रकमांचं काय, काळ्या पैशाचं काय? त्याची रेषा आपण रोखीत कधीच आखली आहे. बँकेत ठरावीक रकमेहून जास्त रोख भरली तर पॅन लागतो. दोन लाख किंवा जास्त रोख स्वीकारायला आयकर कायद्यानं बंदी आहे. दहा लाखांवरच्या रोख व्यवहारांचा अहवाल बँका सरकारच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाला देतात. या रेषांच्या खाली माणूस मोकळा आहे, आणि त्यानं देश बुडालेला नाही. हेच आकडे डिजिटल नोटेसाठी २२-अ च्या खाली लिहिता येतील: एवढ्या रकमेखाली देणाऱ्याची ओळख नोंदवायची नाही, नोंद राहिलीच तर एवढ्या दिवसांत पुसायची, न्यायालयाच्या आदेशाशिवाय उघडायची नाही, सरकारी मदतीच्या पैशाला अट घालायची तर ती घेणाऱ्याला आधी सांगायची आणि साधी रोख मागायची मुभा ठेवायची.

पायलटमधून शिकून मग कायदा करू, असं उत्तर येईल. पण २२-अ कायद्यात आलं एप्रिल २०२२मध्ये, आणि पहिला ई-रुपया निघाला नोव्हेंबरात. नोटेला कागदातून बाहेर काढणारं कलम पायलटच्या सात महिने आधी लिहून तयार होतं.